कोरडा पट्टा

गिरगाव,
मार्च १९८५

प्रिय नलू,

तू मोरीत बसून तो पट्टा नळाखाली धरलास आणि नळ सोडलास, तिथं माझं सगळं बदललं. कुणी विचारलं तर मी दुसरंच काहीतरी सांगतो. संपाचं सांगतो, कॉलेजचं सांगतो. पण संपाने आपल्या अख्ख्या गिरणगावाचं वाटोळं केलं, त्यात माझं वेगळं काय? आणि कॉलेज तर मी माझ्या पायांनी सोडलं. त्या रविवारी दुपारी लालबागला तुमच्या खोलीत खालच्या मसाल्याच्या कांडपातून मिरचीचा खाट येत होता, तुझे अण्णा बनियनवर बाकड्यावर बसले होते, तुझी आई दाराशी उभी होती, आणि तू माझ्याकडे न बघता उठलीस आणि मोरीत गेलीस. पाण्याचा आवाज आला. एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी मला हाकललं नाही. मी पट्टा ओला तसाच पिशवीत टाकला आणि जिना उतरलो. खाली आलो तर शिंकांवर शिंका. बरं वाटलं. डोळ्यांतून पाणी यायला निदान निमित्त तरी मिळालं.

भांडायला लिहीत नाहीये. म्हणजे बसलो तेव्हा तरी भांडायचं नव्हतं, पुढे काय होईल सांगवत नाही. तू मला ओळखतेस. परळच्या वाचनालयात आपण पहिल्यांदा बोललो ते भांडूनच. संपाचं पहिलं वर्ष, पेपर एक आणि नोकऱ्यांच्या जाहिरातींचं पान एक, त्याच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला तू. मी हिसकावलं, पान फाटलं. तू शांतपणे आपला तुकडा वाचून काढलास आणि मग तोही माझ्यापुढे सरकवलास. म्हणालीस, "घ्या, तुम्हाला जास्त गरज दिसते. नोकरी लागली की पान चिकटवून परत करा." नोकरी लागली, नलू, पण पान परत करायचं राहिलं.

इंजिनिअरिंगचं कॉलेज का सोडलं हे तुला सांगितलं होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले साहेब माझं आडनाव वाचून हसले आणि म्हणाले, तुम्हाला काय, तुम्ही पास होणारच. मी मीटर टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो. दार असं आपटलं की काच तडकली. तिसरं वर्ष होतं, दीड वर्ष राहिलं होतं. बाबा तेव्हा मिलच्या गेटवर बसायचे. तूच तेवढी रागावलीस. म्हणालीस, "तुला उत्तर देता येत नाही, तुला फक्त दारं आपटता येतात." मला तुझं ते बोलणं इतकं लागलं की मी आठ दिवस वाचनालयात आलो नाही, आणि इतकं आवडलं की त्या आठ दिवसांत दुसरा विचार केला नाही.

मग अण्णा पडले. पहिल्यांदा घरात, मोरीच्या उंबऱ्यावर. नंतर मार्केटात, भाजीची पिशवी हातात असताना. चक्कर नाही, ताप नाही. माणूस उभ्याचा खाली येतो आणि क्षणात डोळे उघडून विचारतो, काय झालं. परळच्या इस्पितळात कार्डियोग्राम काढला की स्वच्छ. पुन्हा काढला, पुन्हा स्वच्छ. कारण जे व्हायचं ते डॉक्टरांपुढे होतच नव्हतं. डॉक्टर सरळ माणूस, त्यांनी खरं ते सांगितलं: हृदय मध्येच थांबत असणार, पण ते थांबताना कुणीतरी पकडलं पाहिजे, त्याशिवाय पुढचा इलाज करता येत नाही. अंगाला दिवसभर लावायचं मशीन होतं त्यांच्याकडे, पण एकच दिवसाचं, आणि अण्णांचं पडणं पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. तू हे मला वाचनालयाच्या पायऱ्यांवर सांगितलंस आणि रडली नाहीस. मी तिथल्या तिथे म्हणालो, मी बनवतो. महिनाभर अंगावर राहील असं. तू माझ्याकडे पाहिलंस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या नजरेसाठी मी चंद्रसुद्धा सोल्डर करून दिला असता.

माधवरावांच्या या वर्कशॉपात मी तेव्हा इस्पितळांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायला लागलो होतो. हृदयाचा ठोका तारेतून कसा येतो ते मला कळत होतं. अडचण वेगळीच होती. बाजारातला प्रोसेसर बसवला तर तो दोन दिवसांत सेल खाऊन टाकतो. तो सतत जागा असतो, काम असो नसो धावतच असतो. म्हणून मी ठरवलं, आपण आपलाच बनवायचा. लॅमिंग्टन रोडवरून बारक्या बारक्या चिपा आणल्या, अगदी घोटभर करंट पिणाऱ्या, आणि त्या जोडून एक असा मेंदू तयार केला ज्याला एकच काम येतं. ठोका पडला की जागं व्हायचं, मागच्या ठोक्याला किती वेळ झाला ते बघायचं, फार झाला असेल तर नोंद करायची आणि पुन्हा झोपायचं. सारी दुनिया प्रोसेसर जोरात पळवायच्या मागे, आणि मी एकटा तो आणखी हळू कसा चालेल हे बघत बसलेला. माधवराव म्हणायचे, "रामदास, हा प्रोसेसर करतोयस की सरकारी कारकून?" मी म्हणायचो, कारकून ठोक्याला जागा होत नाही. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "त्यातली एक चिप तुझ्या डोक्यात बसव. उगाच पेटत असतोस सारखा, जरा झोपायला शिक."

त्याला हळू चालवायला घड्याळातला क्रिस्टल, ताल धरणारा बारका स्फटिक, लागतो. तुझं सेलवरचं मनगटी घड्याळ बंद पडलं होतं ना, मॅट्रिक पास झालीस तेव्हा अण्णांनी बोनसमधून घेतलेलं? ते तू दुरुस्तीला दिलंस आणि मी ते कधी परत केलं नाही. तू विचारलंही नाहीस. त्याचा क्रिस्टल त्या पट्ट्यात आहे. अण्णांनी तुला दिलेली वेळ मी अण्णांच्या छातीवर बांधणार होतो. तुला हे त्या रविवारी, पट्टा बांधून झाल्यावर, जिन्यात सांगायचं मी मनाशी ठरवून आलो होतो.

डबी साबणाची, हिरवी. पट्टा तू शिवलास, तुझ्या आईच्या मशीनवर, ब्लाउजच्या अस्तराच्या कापडाचा. मी छातीच्या मापाला दोरी दिली तर तू म्हणालीस, अण्णांना मी रोज बघते, माप मला नको सांगूस. दोन स्टीलच्या चकत्या आतल्या बाजूने, त्यांच्या तारा डबीत. त्या डबीला झाकण नीट बसत नाही, कडेने फट राहते, हे तुला माहीत होतं. तूच म्हणाली होतीस, घामाने आत पाणी जाईल, मेण लावू या, आणि ते लावायचं राहिलं होतं. ही गोष्ट मी किती वेळा मनात फिरवली असेल. तेवढी एकच विचारणार नाही, नलू. विसरली असशील असंच धरून चालतो. तसं धरलं की जेवण जातं.

आणि तुझा बेत. घरी तू माझं नुसतं नाव सांगितलं होतंस, वाचनालयातला रामदास, मशीनचं काम करतो. म्हणालीस, आधी पट्टा बांधू दे. जीव वाचवला की माणूस वाडी विचारत नाही. मला ते पटलं नव्हतं. मला लपवाछपवी जमत नाही. पण तू म्हणालीस म्हणून मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो.

त्या दुपारी अण्णा किती चांगले वागले. मिलच्या गोष्टी सांगितल्या. म्हणाले, पोरा, साचाखात्यात मागांचा एवढा आवाज की आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो, अजून बायको बडबडायला लागली की मी नुसते ओठ बघतो. तुझी आई म्हणाली, "म्हणूनच निम्मं कळत नाही." सगळे हसलो. मी पट्टा बांधला. ठोका येईना. अण्णांची कातडी कोरडी, चकत्या कोरड्या. आणि मग मी ते केलं जे मी वर्कशॉपात दिवसभर करतो. सेलमध्ये दम आहे का बघायला जिभेला लावतो, चकती कोरडी पडली की जिभेने ओली करतो. थुंकीत मीठ असतं, करंट लगेच धरतो. मी पट्टा सैल केला, दोन्ही चकत्यांना जीभ लावली आणि परत आवळला. हाताची सवय, मनात काही आलंसुद्धा नाही. आणि ठोका आला. डबीतून टक्, टक्, टक्. तुमच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत अण्णांचं हृदय सगळ्यांना ऐकू येत होतं. अण्णा म्हणाले, "साच्यासारखं चालतंय की." तुझी आई पदर तोंडाला लावून हसली. तू माझ्याकडे पाहिलंस. नलू, मी जगलो म्हणशील तर तेवढाच.

मग अण्णांनी विचारलं, गाव कुठलं म्हणालास? मी सांगितलं, संगमेश्वराकडचं. म्हणाले, म्हणजे आमच्याच बाजूचं, वाडी कुठली? मी सांगितलं, बौद्धवाडी. खोटं सांगता आलं असतं. तू डोळ्यांनी सांगतही होतीस. पण वाडी खोटी सांगून मी तुझ्या घरात जावई म्हणून आलो असतो तर रोज सकाळी स्वतःचं तोंड कुठल्या पाण्याने धुतलं असतं? अण्णा चेहऱ्यावर काही न आणता बसून राहिले. पण डबीतला ठोका जलद झाला. आधी हळूहळू, मग चांगलाच. अण्णांनी लपवलं ते माझ्या मशीनने लपवलं नाही. मी इतकं चांगलं मशीन बनवलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा सोडला, बाकड्यावर ठेवला आणि नीट, सावकाश म्हणाले, "नलू, हे धुऊन दे त्याचं त्याला." पुढचं तुला माहीत आहे.

हे मी फक्त बाबांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "अरे खुळ्या, त्या जिभेपायीच तर मी जन्मभर रिंगखात्यात राहिलो." मला माहीत नव्हतं, नलू. तुला माहीत होतं का? त्या काळी साच्यावर सुताची कांडी बदलली की इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या भोकातून धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडात. शंभर जणांची थुंकी एका धोट्याला, आणि कुणाला काही वाटायचं नाही. फक्त आमच्या माणसाचं तोंड त्याला लागता कामा नये. म्हणून साचाखात्याचा जादा पगार आम्हाला नाही, आम्ही रिंगखात्यात, सूत कातायला. अण्णा आणि बाबा एकाच मिलमध्ये, एकाच भोंग्याला आत गेले, एकाच संपात बाहेर आले, आणि मधे ती एक भिंत. मी तसाच उठून लालबागला आलो होतो त्या दिवशी, तुला ठाऊक नाही. अण्णांना विचारायचं होतं, तीस वर्षं तुम्ही कुणाकुणाची थुंकी गिळलीत ते मोजलंत का. तुमच्या जिन्याखाली उभा राहिलो. कांडपवाला म्हणाला, काय देऊ? मी पावशेर मसाला घेतला आणि परत आलो. आई अजून विचारते, हा कुठला जहाल मसाला आणलास, भाजीत घालू का भिंतीला लावू.

नंतर तू चंपाकडे निरोप दिलास. माझी बहीण म्हणून नाही, तुझी शिवणक्लासातली मैत्रीण म्हणून. अण्णा म्हणतात, जिला थुंकी लागते ती वस्तू अंगाला नको. कोरडं काही असेल तर बघू. त्या "बघू"वर मी चार महिने काढले. भिजलेलं सर्किट फेकलं, फक्त क्रिस्टल वाचला, तो घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसलो. थुंकी नको, पाणी नको, मलम नको, नुसती कोरडी चकती.

पण कोरड्या चकतीतून नुसता ठोका येत नाही. शर्ट घासला, हात हलला, खोकला आला, सगळ्याचा कचरा आत येतो. त्यातून ठोका निवडून काढायचा तर मेंदूला जागं राहावं लागतं. पूर्वी तो क्षणभर उठून झोपायचा, आता त्याला झोपच नाही. बसून निवडत असतो, हा ठोका का हा कपडा, हा ठोका का हा खोकला. महिनाभर चालणारा सेल चार दिवसांत संपतो. मी सगळं करून पाहिलं. एक सोडून बाकी दिवे काढले, आवाज काढला, चिपा बदलल्या. चार दिवसांच्या पुढे जात नाही तो जात नाही. ज्या डॉक्टरांसाठी माधवराव असे पट्टे करून देणार होते ते म्हणाले, चार दिवसांचं काय करू. ते कामही गेलं. सोवळं पाळायला फार करंट लागतो, नलू. एवढं एक मी शिकलो, आणि हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

गेल्या आठवड्यात चंपाने दोन बातम्या एकदम दिल्या. अण्णा पुन्हा पडले, या वेळी डोक्याला टाके. आणि तुझा साखरपुडा झाला, मुलगा चिपळूणला बँकेत, लग्न वैशाखात. चंपा म्हणाली, नलूने अण्णांपुढे मान डोलावली, पडलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार. मी काही आपटलं नाही. सोल्डरिंगची इस्त्री बंद केली आणि ती थंड होईपर्यंत तिच्याकडे बघत बसलो. मला तुझा राग यायला हवा होता. मी शोधला, पण सापडला नाही. मी भिवंडीला जातोय. तिथल्या पॉवरलूमवर माणसं कमी पडतात, वाडी विचारत नाहीत, साचे दिवसरात्र चालतात. बाबांना साच्यावर जाता आलं नाही, मी जातो. आता त्या साच्याला कुणी विचारत नाही तेव्हा.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगतो. चंपा हे देईल त्याच्याबरोबर एक खोका आहे. त्यात पट्टा आहे, कोरडा. मी त्याला तोंड लावलेलं नाही, तपासायला माझ्या छातीवर बांधला होता तो स्पिरिटने पुसून काढलाय. कापड आणि डबी दोन्ही नवी आहेत, अण्णांना ओळखू येणार नाहीत. नव्या डबीखाली मी माझ्या नावाची अक्षरं कोरली होती, ती घासून टाकली. वर मोडीत निघालेल्या एका मशीनचं इंग्रजी लेबल चिकटवलंय. अण्णांना सांग इस्पितळातून आलंय, परदेशी आहे. परदेशी यंत्राला कुणी वाडी विचारत नाही. मला लपवाछपवी जमत नाही म्हणत होतो ना, बघ, जमली. दर चौथ्या दिवशी सेल बदलायचे, तू गेल्यावर तुझ्या आईला शिकव, नाहीतर तो बंद पडेल आणि कुणाला कळणार नाही. अण्णा पडले की बाजूचं बटण दाबायचं, दिवा लागला म्हणजे ठोका थांबल्याची नोंद झाली, पट्टा तसाच डॉक्टरांकडे न्यायचा, ते समजतील. आत एक बारका खटका आहे. कधी अण्णांना स्वतःच्या थुंकीने चकती ओली करावीशी वाटली, धोट्यासारखी, तर तो खटका खाली कर, मग सेल महिनाभर जातील. त्यांना वाटेल असं मला वाटत नाही. ते पट्टा बांधतील असंही खात्रीने वाटत नाही. पण आत तुझं घड्याळ चालू आहे. हे पत्र मोरीत जाळ, राख नळाखाली धर. माधवराव जेवायला गेलेत, त्यांची किल्ली मी खिळ्याला लावली आहे. तू म्हणायचीस मला फक्त दारं आपटता येतात. मी उठलोय आता, पिशवी खांद्याला आहे, एवढी ओळ उभ्याने लिहितोय. बाहेर जातोय आणि दार हळूच लावून घेतोय.

वाडी सांगूनही तुझाच,
रामदास